करवतीला धार कोण लावणार? खान्देशातल्या यंत्रांचा आणि मिस्त्रींचा इतिहास

(या भागात जे बोललो तेच इथे उतरवलंय. ऐकायला वेळ नसेल तर वाचून घ्या.)

आज ना किल्ला, ना लढाई, ना राजा. आज विषय आहे झाड कापायचं मशीन, म्हणजे चेनसॉ. ते बंद का पडतं, दुरुस्त कुठे होतं आणि डीलरकडे आठवडेच्या आठवडे पडून का राहतं, याचा इतिहास. तुम्ही म्हणाल, याला कसला इतिहास? आहे ना. आणि त्यातला बराचसा कापसाच्या शेतातून जातो, म्हणजे आपल्या जळगाव-धुळ्यातूनच.

आधी सांगतो की हा विषय का घेतला. माझे मामा चोपडा तालुक्यात झाडं छाटायची आणि पडलेली झाडं कापायची कामं घेतात. मे महिन्यात आपल्याकडे वादळ येतं तेव्हा काय होतं, ते रावेर-यावलच्या लोकांना सांगायला नको. केळीच्या बागा आडव्या होतात, बांधावरचे निंब रस्त्यावर पडतात आणि मामाचा फोन दिवसभर वाजत राहतो. गेल्या वर्षी ऐन त्याच वेळी त्यांचा फोन मला आला, "भाचा, मशीन बंद पडी गयं." डीलरकडे दिलं. "पार्ट वरून येतोय" हे उत्तर तीन आठवडे मिळालं. मामा आणि त्यांच्यासोबतचे दोन गडी, तिघांची मजुरी तीन आठवडे बुडाली. शेवटी निघालं काय? कार्बोरेटरमधला एक रबरी पडदा कडक झाला होता. रुपयाच्या नाण्यापेक्षा थोडा मोठा, कागदासारखा पातळ.

एवढ्याशा पडद्यासाठी तीन घरांची कमाई थांबते, तर हा प्रश्न एकट्या मशीनचा नाही. मशीन आणि ते दुरुस्त करणारा माणूस यांच्यामध्ये किती अंतर आहे, हा खरा प्रश्न आहे. आणि तो दोनशे वर्षांहून जुना आहे.

चेनसॉ आला कुठून?

जर्मनीतल्या स्टुटगार्टला आंद्रेआस श्टील नावाचा इंजिनिअर होता. त्यानं १९२६ मध्ये विजेवर चालणारी साखळी-करवत बनवली. वजन ६४ किलो! उचलायला दोन माणसं लागायची आणि जंगलात वीज कुठून आणणार? १९२९ मध्ये त्यानं पेट्रोलवर चालणारं मशीन काढलं, ते ४६ किलोचं. एकट्या माणसानं धरायचं पेट्रोल मशीन त्या कंपनीनं आणलं १९५० मध्ये. त्याच काळात जर्मनीत आणि अमेरिकेत इतरही लोक याच कामाला लागले होते.

पण इंजिन हलकं झालं म्हणून काम संपलं नव्हतं. खरी अडचण होती चेनची. जुन्या चेनचे दात हातकरवतीसारखे टोकदार असायचे. ते लाकूड ओरबाडायचे, लवकर बोथट व्हायचे आणि त्यांना धार लावणं हे मोठं कटकटीचं काम होतं.

हा प्रश्न सोडवला ओरेगॉनमधल्या एका लाकूडतोड्यानं. जोसेफ कॉक्स त्याचं नाव. १९४६ मध्ये त्यानं एका खोडात लाकूड पोखरणारी अळी पाहिली. ती आपल्या जबड्यानं डावीकडे-उजवीकडे आलटून पालटून लाकूड कुरतडत होती. आडवं असो की उभं, तिला फरक पडत नव्हता. कॉक्सनं त्या जबड्यासारखे वाकडे दात असलेली चेन बनवली आणि १९४७ मध्ये ती विकायला काढली. आज जगभरातल्या चेनचे दात त्याच कल्पनेवर आहेत.

लोक ही गोष्ट सांगतात ती अळीसाठी. मला मात्र वेगळी गोष्ट महत्त्वाची वाटते. कॉक्सच्या चेनला साध्या गोल कानशीनं धार लावता यायची. म्हणजे जंगलात, एका ओंडक्यावर बसून, ज्याचं मशीन त्यालाच. धार लावण्याचं काम कारखान्यातून कामगाराच्या हातात आलं. चेनसॉ जगभर पसरण्यात या गोष्टीचा मोठा वाटा आहे.

करवतीचे दात आणि ते घासणारा माणूस, हे लक्षात ठेवा. कारण आता आपण चेनसॉच्या शंभर वर्षं आधी जाणार आहोत, आणि तिथेही करवतच भेटणार आहे.

कापसातली करवत

जळगावात कुणाला 'जिन' माहीत नाही? सरकीपासून रुई वेगळी करायचा कारखाना. पूर्वी हे काम घरोघरी हातचरकीवर व्हायचं. दोन रूळ, मध्ये कापूस, रुई पलीकडे आणि सरकी अलीकडे. चरकी मोडली तर गावातला सुतार नीट करून द्यायचा.

अमेरिकेत एली व्हिटनीनं १७९३ मध्ये वेगळं यंत्र बनवलं आणि १७९४ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. पुढे ते 'सॉ-जिन' म्हणून ओळखलं गेलं, कारण त्यात गोल करवतींची रांग फिरते. दात रुई ओढून घेतात, सरकी जाळीमागे राहते.

आता गंमत ऐका. व्हिटनी आणि त्याचा भागीदार फिनिअस मिलर यांनी ठरवलं की यंत्र विकायचंच नाही. शेतकऱ्यांनी कापूस आपल्याकडे आणायचा, आपण सरकी काढून देणार आणि पाचातले दोन भाग आपण ठेवणार. यंत्रही आमचं, दुरुस्तीही आमची, दरही आमचा! शेतकरी चिडले. यंत्राची रचना साधी होती, त्यामुळे गावोगावच्या लोहारांनी नक्कल करून ती बनवायला सुरुवात केली. व्हिटनी वर्षानुवर्षं कोर्टात भांडत राहिला, पण त्या धंद्यातून त्याच्या हाती फारसं काही लागलं नाही. यंत्र पसरलं ते लोहारांमुळे.

१८४० मध्ये ईस्ट इंडिया कंपनीनं अमेरिकन कापूस लावून बघण्यासाठी अमेरिकेतून माणसं आणली आणि त्यांच्याबरोबर हे करवतीचे जिनही आले. हिंदुस्थानात बऱ्याच ठिकाणी हा प्रयोग बसला नाही. तेव्हाच्या मुंबई इलाख्यात तो खऱ्या अर्थानं रुजला धारवाडकडे. का? दोन कारणं. एक, तिथे अमेरिकन कापूस जमिनीला मानवला. त्याची रुई सरकीला घट्ट चिकटलेली असते, ती हातचरकीला दाद देत नाही, म्हणून करवतीची गरज होती. दुसरं कारण आपल्या विषयाचं. धारवाडला सरकारनं हे जिन बनवण्याचा आणि दुरुस्त करण्याचा कारखानाच काढला होता. दात बोथट झाले, करवत वाकडी फिरायला लागली, तर घेऊन जायला जागा होती.

आणि हे छोटं काम नव्हतं बरं. करवतीचा दात बोथट झाला की तो रुई ओढत नाही, तोडतो. धागा आखूड होतो, भाव पडतो. म्हणजे दुरुस्ती झाली नाही तर नुकसान शेतकऱ्याच्या मालाचं. देशी आखूड धाग्याच्या कापसाला रूळ असलेले जिन बरे पडायचे, आणि भारतातल्या बहुतेक जिनमध्ये आजही रूळच फिरतात.

खान्देशात फिटर आला

१८६१ ते १८६५, अमेरिकेत यादवी युद्ध. तिकडचा कापूस थांबला आणि इकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. त्याच दशकात रेल्वे भुसावळ-जळगावपर्यंत पोहोचली. जळगाव कापसाची मोठी पेठ झाली. वाफेवर चालणारे जिन-प्रेस आले. पुढे जळगाव, अमळनेर, धुळे, चाळीसगाव इथे कापडगिरण्या उभ्या राहिल्या.

आपण शाळेत एवढंच शिकतो की रेल्वे आली, गिरणी आली. पण त्यांच्यासोबत एक माणूसही आला, फिटर. भुसावळला इंजिनं सांभाळायला, गिरणीत माग आणि बॉयलर सांभाळायला. लेथ, वाइस, कानस, पाना हे शब्द खान्देशातल्या घरांत याच वाटेनं शिरले. गिरण्या पुढे बंद पडल्या. हाताची विद्या मात्र गिरणीच्या फाटकाला कुलूप लावून बंद होत नाही.

आता एक थांबा फैजपूरचा. यावल तालुक्यातलं हे गाव. डिसेंबर १९३६ मध्ये इथे काँग्रेसचं अधिवेशन भरलं, खेड्यात भरलेलं पहिलं. अध्यक्ष जवाहरलाल नेहरू. सोबत खादी आणि ग्रामोद्योगांचं प्रदर्शन होतं आणि त्याचं उद्घाटन गांधीजींनी केलं. गांधीजी म्हणजे यंत्रविरोधी, असं आपण सहज म्हणून टाकतो. पण त्याआधी, १९२९ मध्ये, चरखा संघानं चांगल्या चरख्यासाठी एक लाख रुपयांचं बक्षीस जाहीर केलं होतं. त्याच्या अटी वाचल्या तर आजचा ग्राहकही टाळ्या वाजवेल. यंत्र हलकं असावं, किंमत दीडशे रुपयांच्या आत असावी, वेळच्या वेळी डागडुजी केली तर वीस वर्षं चालावं आणि डागडुजीचा वर्षाचा खर्च किमतीच्या पाच टक्क्यांपेक्षा जास्त नसावा!

बक्षीस कुणालाच मिळालं नाही. पण अट बघा. यंत्र किती सूत काढतं याच्या बरोबरीनं ते दुरुस्त करायला काय पडतं, हेही त्यांनी विचारलं होतं. किती जाहिरातींमध्ये आज हा आकडा दिसतो?

इंजिन टिकलं कसं?

स्वातंत्र्यानंतरच्या काळात विहिरीवर ऑइल इंजिन आलं. किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी १९४६ मध्ये पुण्यात सुरू झाली. तिकडे राजकोटला छोट्या कारखान्यांनी जुन्या विलायती इंजिनांच्या धर्तीवर इंजिनं आणि त्यांचे पार्ट बनवायला घेतले. परिणाम असा की पिस्टन, रिंगा, नोझल, पंप हे तालुक्याच्या बाजारात मिळायला लागले. एका इंजिनचा पार्ट दुसऱ्याला बसायचा. गावात एकाला इंजिन खोलता यायचं, त्याच्या हाताखाली दोघं शिकायचे. आजही कुणाच्या तरी आजोबांचं इंजिन मळ्यात उभं असतं आणि हॅन्डल मारलं की धडधडतं.

म्हणजे सूत्र साधं आहे. पार्ट जवळ, माणूस जवळ, रचना उघडी. या तीन गोष्टी असल्या की मशीन टिकतं. चेनसॉच्या बाबतीत तिन्ही अजून अर्धवट आहेत. ब्रँडेड मशीन घेतलं तर पार्ट अस्सल मिळतो, पण तालुक्याला नाही, जिल्ह्याला, आणि तिथेही नसला तर वाट बघा. ऑनलाइन स्वस्तातलं ५२ किंवा ५८ सीसीचं घेतलं तर पार्ट एकमेकांना बसतात, सहज मिळतात, पण दर्जाचा भरवसा नाही आणि वॉरंटी कुणाकडे मागायची तेच कळत नाही.

मग करायचं काय? अर्धं काम आपल्याच हातात आहे.

बंद पडलं तर क्रमानं बघा

एक नियम आधी. मशीन बंद करून, थंड होऊ देऊन, प्लगची कॅप काढूनच हात लावायचा. चेनला हात लावताना जाड हातमोजे.

सुरूच होत नाही? इंजिनला चार गोष्टी लागतात: पेट्रोल, ठिणगी, हवा आणि दाब. याच क्रमानं जा. पेट्रोल महिनाभर टाकीत पडलेलं असेल तर ओतून टाका. हल्ली पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि इथेनॉल हवेतली ओल ओढतं. काम नसताना टाकी रिकामी करून, मशीन आपोआप बंद पडेपर्यंत चालवून ठेवायचं. कार्बोरेटरचा पडदा वाचवायचा हा सगळ्यात स्वस्त उपाय.

मग प्लग काढा. तो ओला असेल तर रस्सी ओढून ओढून पेट्रोल जास्त झालंय. प्लग पुसा, चोक बंद करा, पाच-सहा वेळा रस्सी ओढून आतलं पेट्रोल जाऊ द्या. प्लग काळाकुट्ट असेल तर ऑइल जास्त पडतंय किंवा एअर फिल्टर भुशानं भरलाय. कॉफीच्या रंगाचा असेल तर छान. पांढरा पडला असेल तर सावध व्हा, पेट्रोल किंवा ऑइल कमी मिळतंय आणि इंजिन तापतंय. तसंच चालवलं तर पिस्टन चिकटेल आणि खर्च हजारांत जाईल.

ऑइलचं प्रमाण मशीनच्या पुस्तकात बघा. कंपनीचं खास ऑइल असेल तर साधारण एका लिटरला २० मिली, साधं टू-टी असेल तर ४० मिली. अंदाजानं नाही, मापानं. बरीच मशीनं इथेच मरतात.

सुरू होतं, पण रेस दिली की बंद पडतं? टाकीतला पेट्रोल फिल्टर आणि सायलेन्सरची जाळी बघा. तेही ठीक असेल तर कार्बोरेटर. तो नवखा असाल तर खोलू नका.

ढलप्यांऐवजी बारीक भुसा पडतोय? चेन बोथट आहे. काप एका बाजूला वळतोय? एका बाजूचे दात जास्त घासले गेलेत. गोल कानस घ्या, चेनच्या मापाची, साधारण ४ ते ५.२ मिलिमीटर. प्रत्येक दाताला सारखेच हात मारा. कॉक्सनं आपल्याला दिलेली सवलत हीच आहे.

चेन कोरडी फिरतेय? बारवरचं ऑइलचं भोक भुशानं बुजलं असेल. आणि रेस न देताही चेन फिरत असेल, किंवा चेन ब्रेक लागत नसेल, तर काम लगेच थांबवा. तिथे मजुरी नाही, हात-पाय पणाला लागतात.

डीलरकडे जाताना

आता दुसरं अर्धं काम. मशीन घेण्याआधी विचारा, "भाऊ, याची चेन, कार्बोरेटर आणि पिस्टन किट आत्ता दुकानात आहे का? दाखवा." फक्त किंमत नाही, पार्ट बघायचा. मशीन उघडणारा मिस्त्री इथेच बसतो की बाहेर पाठवता? धुळ्याच्या आग्रा रोडवर घ्या नाहीतर जळगावात, या दोन प्रश्नांची उत्तरं मिळाल्याशिवाय पैसे काढू नका.

जीएसटीचं पक्कं बिल घ्या. त्यावर सिरियल नंबर असू द्या, वॉरंटी कार्डवर शिक्का आणि तारीख. दुरुस्तीला देताना जॉब कार्ड मागा: काय बिघडलंय, अंदाजे खर्च, परत कधी. बिघाडाचा व्हिडिओ मोबाइलवर काढून ठेवा. बदललेला जुना पार्ट परत मागा.

तरीही दाद मिळाली नाही तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. जळगाव आणि धुळे, दोन्हीकडे जिल्हा ग्राहक आयोग आहेत. २०१९ च्या कायद्यानुसार तुम्ही राहता तिथेच तक्रार करता येते, दुकान कुठेही असो. मुदत दोन वर्षांची. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही.

इथे एक गोष्ट मामांसारख्यांसाठी फार महत्त्वाची. समोरचा म्हणेल, "तुम्ही धंद्यासाठी घेतलंय, तुम्ही ग्राहक नाही." कायदा तसं म्हणत नाही. स्वतः राबून पोट भरण्यासाठी, स्वयंरोजगारासाठी घेतलेली वस्तू असेल तर तुम्ही ग्राहकच आहात.

आणि सरकारनं २४ डिसेंबर २०२२ ला 'राइट टू रिपेअर' पोर्टल सुरू केलं. त्यात चार क्षेत्रं धरली आहेत आणि शेतीची अवजारं त्यातलं एक. कंपन्यांनी पार्ट, सर्व्हिस आणि वॉरंटीची माहिती तिथे द्यायची आहे. वेगळा कायदा अजून झालेला नाही. पोर्टलनं मिस्त्री तयार होत नाही, हेही खरं. पण दुरुस्ती हा हक्क आहे, असं निदान म्हणायला सुरुवात झाली.

जाता जाता एक. मशीन नीट झालं म्हणून दिसेल ते झाड कापायचं नाही. महाराष्ट्रात १९६४ चा झाडं तोडण्याबाबतचा कायदा आहे, यादीतल्या झाडांना परवानगी लागते, झाड स्वतःच्या बांधावरचं असलं तरी.

व्हिटनीला वाटलं होतं की यंत्र आपल्याच ताब्यात राहील. लोहारांनी ते खोटं ठरवलं. धारवाडला करवत चालली, कारण शेजारी तिचे दात घासणारा होता. आज तुमच्यापैकी कुणी आयटीआयला असेल, कुणी बाइकच्या गॅरेजवर हाताखाली असेल. छोट्या टू-स्ट्रोक इंजिनांचं काम शिकून घ्या. फवारणी पंप, गवत कापायचं मशीन, चेनसॉ, सगळ्यांचा पोटातला जीव एकच आहे. पुढच्या मे महिन्यात वादळ येईल, तेव्हा तालुक्यात असा एक जरी माणूस असला तरी तीन घरांची चूल तीन आठवडे अडणार नाही.

तुमच्या गावात असा मिस्त्री असेल तर त्याच्याकडून दोन गोष्टी विचारून आम्हाला व्हॉइस मेसेज करा, पुढच्या भागात ऐकवू. तोपर्यंत, राम राम!